मुख्याध्यापकांचा मोबाईल कोणाशी बोलतो?

आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही दहा शाळांची फेसबुक पाने उघडून बघा. जूनमध्ये नवागतांचे स्वागत, फुगे, गुलाबाचे फूल, सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक. जुलैत वृक्षारोपण, एका रोपाला सात-आठ जणांचे हात लागलेले. मग गणवेश वाटप, वह्या वाटप, सायकल वाटप. शाल, श्रीफळ, सत्कार. मधूनमधून महापुरुषांची जयंती, प्रतिमेला हार घालणारे मुख्याध्यापक आणि समोर उन्हात बसलेली पोरे. प्रत्येक फोटोखाली केंद्रप्रमुखांचे 'स्तुत्य उपक्रम', विस्तार अधिकाऱ्यांचे 'अभिनंदन सर' आणि हात जोडल्याची चिन्हे.

आता त्याच पानावर हे शोधा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती? शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे? मागच्या बैठकीत काय ठरले? यंदा शाळेला अनुदान किती आले आणि ते कशावर खर्च झाले? आम्ही वस्तीत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. त्यामुळे ही माहिती आम्हाला दरवर्षी लागते आणि दरवर्षी ती शाळेच्या ऑफिसात खेटे घालूनच मिळवावी लागते. पानावर ती नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळेने जे झाकायला हवे ते ती जगाला दाखवते आहे आणि जे दाखवणे तिच्यावर बंधनकारक आहे ते झाकून ठेवते आहे. मुलाचा चेहरा, त्याची जात, त्याच्या घरची गरिबी हे झाकायचे. पैसा, बैठक, ठराव, राखीव जागा हे दाखवायचे. मोबाईल हातात आल्यापासून नेमके उलटे सुरू झाले, कारण मुख्याध्यापक त्या मोबाईलवरून बोलतात ते वरच्या साहेबांशी. पालक त्या संभाषणात फक्त फोटोतल्या गर्दीपुरता असतो.

मुख्याध्यापकांच्या फोनमधले ग्रुप नीट पाहिले की हे लगेच कळते. एक थर वरचा: तालुक्याचा ग्रुप, केंद्राचा ग्रुप. तिथून 'आजच्या आज माहिती भरा', 'लिंक भरा', 'उपक्रमाचे पाच फोटो पाठवा' असे आदेश येतात. दुसरा थर स्टाफचा. तिसरा पालकांचा. वरच्या ग्रुपवर मुख्याध्यापक दिवसभर 'होय साहेब' म्हणत असतात. पालकांच्या ग्रुपवर मात्र एक ओळ कायम दिसते: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. म्हणजे साहेबांनी मुख्याध्यापकांशी जे करायचे तेच मुख्याध्यापकांनी पालकांशी करायचे. याला व्यावसायिक संवाद म्हणतात. आम्ही याला उतरंड म्हणतो, आणि उतरंड म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

ग्रुप बंद ठेवण्याचे कारण विचारले तर उत्तर तयार असते. पालक गुड मॉर्निंग टाकतात, देवादिकांचे फोटो टाकतात, भांडणे करतात. हे खरेही आहे. पण ग्रुप बंद केल्यावर ते थांबते का? आम्ही पाहिलेल्या कित्येक ग्रुपांवर आता देवादिकांचे फोटो खुद्द ॲडमिनच टाकतात. चतुर्थीच्या शुभेच्छा, एकादशीच्या शुभेच्छा, अमुक बाबांची पुण्यतिथी. जिल्हा परिषदेची शाळा संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते आणि अशा संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचे २८ वे कलम सांगते. एक शुभेच्छा म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा युक्तिवाद कोणी करेल आणि न्यायालयात तो टिकेलही. आमचा मुद्दा साधा आहे. ज्या ग्रुपवर बौद्ध, मुस्लिम, आदिवासी पालकाला 'सर, पोषण आहार तीन दिवस बंद का आहे' एवढे विचारता येत नाही, त्याच ग्रुपवर एका धर्माचे पंचांग रोज का वाचले जावे?

स्टाफच्या ग्रुपबद्दल फार बोलत नाही. आरक्षणामुळे देश कसा बुडाला याचे फॉरवर्ड कुठे जन्मतात माहीत नाही, पण ते कुठे मुक्कामाला असतात हे आमच्या शिक्षक मित्रांनी आम्हाला पुरेसे दाखवले आहे.

पालकांच्या ग्रुपवर पालक असतात, हेही गृहीत धरू नका. फोन घरात एक असतो आणि तो बापाच्या खिशात असतो. बाप सकाळी सातला मजूर अड्ड्यावर. शाळेचा निरोप, 'उद्या उत्पन्नाचा दाखला आणावा', रात्री दहाला घरी पोहोचतो, तेही रिचार्ज संपला नसेल तर. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के आणि पुरुष ४८.७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, हे मान्य. पण पोराच्या शाळेचे सगळे बघते ती आई, आणि ग्रुपमध्ये नंबर असतो तो बापाचा, ही गोष्ट वाढलेल्या फोनांनी बदललेली नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांचे तर सोडूनच द्या. त्यांचा नंबर दर हंगामाला बदलतो आणि शाळेच्या यादीत जुनाच राहतो.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळे उघडे पडले होते. 'अभ्यास ग्रुपवर टाकला आहे' या एका वाक्यावर शाळा चालल्या आणि आमच्या वस्त्यांतली मुले वर्ष-दीड वर्ष कोरडी राहिली. त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात, विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या भागात, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले गल्लीत उभी राहून वाचत होती. त्यांच्याकडेही मोबाईल होतेच. पण आपला विद्यार्थी कुठे उभा आहे हे त्यांनी आधी पाहिले, माध्यम नंतर निवडले. आम्हाला कोणी तंत्रज्ञानाचे शत्रू म्हणू नये म्हणून हेही सांगतो: राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे शैक्षणिक ब्लॉग चालवले, त्यांचा आम्हाला फार उपयोग झाला आहे. शासन निर्णय, अर्जांचे नमुने, प्रश्नसंच एका जागी मिळत. सरकारच्या संकेतस्थळावर जे सापडत नाही ते एखाद्या गुरुजींच्या ब्लॉगवर सापडते, ही महाराष्ट्राची खरी डिजिटल क्रांती आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पण हे बहुतेक ब्लॉग शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेले आहेत. शाळेने पालकांसाठी काय लिहिले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

फोटोंची ही हौस आली कुठून? सगळा दोष मुख्याध्यापकांवर टाकणे आम्हाला मान्य नाही. २०१६ च्या अखेरीस शिक्षण विभागाने असा निर्णय काढला होता की शिक्षकांनी दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून 'सरल' प्रणालीत टाकायची. हेतू काय, तर शाळाबाह्य मुले शोधणे. शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला आणि निर्णय स्थगित झाला. निर्णय गेला, सवय राहिली. आज प्रत्येक उपक्रमाचा पुरावा म्हणजे फोटो. काम झाले की नाही हे कोणी विचारत नाही, 'फोटो टाका' म्हणतात. दोनशे पटाच्या शाळेत क्लार्क नाही, शिपाई नाही, मुख्याध्यापिका स्वतः दोन वर्ग सांभाळतात आणि दुपारी तांदळाचे पोते मोजतात. त्यांनी पालकांसाठी लिहावे कधी? हे आम्ही समजू शकतो. अनेक मुख्याध्यापक आपल्याच समाजातून वर आलेले आहेत, त्यांची घुसमट आम्हाला ठाऊक आहे. पण घुसमट आहे म्हणून पोरांच्या चेहऱ्यांवर आपला पुरावा उभा करायचा, हे आम्ही मान्य करणार नाही.

गणवेश वाटपाचा फोटो घ्या. गणवेश सरकारी योजनेचा, पैसा जनतेचा. त्यात देणारा कोणी नाही. तरी फोटोत एक हात देणारा असतो आणि एक हात घेणारा, आणि घेणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. खाली लिहिलेले असते: 'गरीब व मागासवर्गीय विद्यार्थ्यांना गणवेश वाटप'. तो फोटो शाळेच्या पानावर, स्टेटसवर, स्थानिक वार्तापत्रात, सरपंचांच्या पानावर फिरतो. ते पोर पुढे कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, आणि तो फोटो तिथेच असेल. संविधानाने जे हक्क म्हणून दिले ते शाळेने दान म्हणून दाखवले. दानाची भाषा कोणाची आहे आणि कोणत्या ग्रंथांतून आली आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

याहून वाईट गोष्ट यादीची आहे.

एका अनुदानित हायस्कूलच्या नववीच्या पालक ग्रुपवर मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून शिष्यवृत्तीची यादी टाकली गेली. नाव, प्रवर्ग, जात, आधार क्रमांक, बँक खाते, आणि शेवटच्या रकान्यात त्रुटी. ग्रुपवर सगळ्या वर्गाचे पालक. संध्याकाळपर्यंत यादी मुलांच्या हातात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीला तिच्या मैत्रिणीने विचारले, 'तू त्यांच्यातली आहेस हे कधी बोलली नाहीस?' ती मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही. आई आमच्याकडे आली ती यादीतून नाव काढायचा अर्ज लिहून घ्यायला. 'स्कॉलरशिप नको ताई, पोरगी शाळेत गेली म्हणजे पुरे.' आम्ही तो अर्ज लिहिला नाही, शाळेत गेलो. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, 'त्रुटी लवकर दुरुस्त व्हाव्यात म्हणून टाकली. त्यात लपवण्यासारखं काय आहे?' गृहस्थ वाईट नव्हते. ते खरेच त्रुटी दुरुस्त करायला बघत होते. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

'लपवण्यासारखं काय आहे' हे तोच म्हणू शकतो ज्याला आपल्या जातीची किंमत कधी मोजावी लागली नाही. भाड्याची खोली बघताना आडनाव सांगताच खोली 'आत्ताच गेली' असे ज्याने ऐकले आहे, तो हा प्रश्न विचारत नाही.

इथे आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. ते म्हणतात, लाजायचे कशाला? आपण बाबासाहेबांची लेकरे, छाती पुढे काढून सांगावे. बरोबर आहे, सांगावे. आम्हीही सांगतो. पण सांगणे आणि सांगितले जाणे यात फरक आहे. चौदा वर्षांची मुलगी स्वतः उभी राहून 'मी बौद्ध आहे' म्हणते तो तिचा स्वाभिमान. तिच्या वतीने शाळेने यादी चिकटवली की ती ओळख तिच्या हातातून गेली, ती इतरांनी तिच्यावर मारलेला शिक्का झाली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाची ओळख नेहमी दुसऱ्यांनीच ठरवली. ती स्वतः ठरवण्यासाठीच तर १९५६ ची धम्मक्रांती झाली.

शाळेच्या रजिस्टरमध्ये जात लिहायची की नाही, हा वाद इथे आणू नका. लिहायलाच हवी, तिच्याशिवाय हक्क मिळत नाहीत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचा प्रवेश झाला आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी या सगळ्या पानांवर अभिवादनाच्या पोस्टींचा पाऊस पडतो. पण रजिस्टर कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असते. ते कुलूप व्हॉट्सॲपने तोडले.

कायदा काय म्हणतो? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती सांगितली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. एवढी वाट बघायचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घालते आणि वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही याची जबाबदारी ८ वे व ९ वे कलम सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकते. जातीची यादी सगळ्या वर्गात फिरवणे हे या कलमांच्या भावनेत बसते का, याचे उत्तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावे.

शाळेने मागास जातीच्या मुलीला जगासमोर कसे आणावे, याचा दाखला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. जोतिराव आणि सावित्रीमाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या स्वतःच्या शब्दांत, तिच्या नावाने. तेव्हाही एक माध्यम होते, तेव्हाही शाळेला आपले काम लोकांना दाखवायचे होते. त्या शाळेने मुलीच्या हाती लेखणी दिली. आजची शाळा तिच्या हाती डबा देते आणि फोटो काढते. आमच्या मुलांनी लिहिलेले किती निबंध या पानांवर आहेत? पोषण आहाराबद्दल, शाळेच्या संडासाबद्दल, वस्तीतून शाळेत येण्याच्या वाटेबद्दल? एक तरी दाखवा, आम्ही तो आमच्या खर्चाने छापून वाटू.

आता जे दाखवायचे त्याकडे येऊ. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचे चौथे कलम सांगते की सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी: अंदाजपत्रक, खर्च, योजना, लाभ देण्याची पद्धत. आणि ती स्थानिक भाषेत, त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा रीतीने पोहोचवावी. पोहोचवण्याची साधनेही कायदा मोजून सांगतो. त्यात सूचना फलक पहिला आहे, मग वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे आणि त्यानंतर इंटरनेट. कायदा करणाऱ्यांना वस्ती माहीत होती असे म्हणावे लागेल. इथे कोणी म्हणेल की लाभार्थ्यांचा तपशीलही याच कलमात येतो, म्हणून आम्ही यादी टाकली. योजनेचा लाभ किती जणांना मिळाला, किती रक्कम आली, किती अर्ज अडले हे जरूर टाका. नववीतल्या मुलीचा आधार क्रमांक टाका असे या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. उलट खासगी माहितीला त्यात वेगळे संरक्षण आहे.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटानुसार दहा हजारांपासून एक लाखापर्यंत वार्षिक संयुक्त अनुदान मिळते. मोठी रक्कम नाही, पण खडू, वीजबिल, पाणी, संडासाची सफाई यातूनच व्हायची असते. ते किती आले हे गावात विचारा. मुख्याध्यापक आणि समितीचा अध्यक्ष सोडून तिसऱ्या माणसाला सांगता आले तर आम्हाला कळवा. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. प्रत्यक्षात आमच्या बायांना सही करायला घरी रजिस्टर येते. बैठकीची तारीख ग्रुपवर टाकायला एक ओळ लागते. ती ओळ पडत नाही आणि बैठकीचा फोटो मात्र पडतो, कधीकधी बैठक न होताच.

खासगी शाळांचे तर विचारूच नका. त्यांच्याकडे इन्स्टाग्राम सांभाळायला वेगळा माणूस असतो. स्नेहसंमेलनाच्या रील, निकालाचे बॅनर, प्राचार्य मॅडमचे विचार. २५ टक्के राखीव प्रवेशाचा एक शब्द नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट देऊन टाकली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्दच केला. त्या पाच महिन्यांत आमच्याकडे येणारे आईबाप एकच विचारत होते: फॉर्म भरायचा की नाही? ज्या शाळेत प्रवेश घ्यायचा तिच्या दाराशी रखवालदार 'काही माहिती नाही' म्हणायचा, आणि त्याच दिवशी त्या शाळेच्या पानावर स्विमिंग पूलचा व्हिडिओ असायचा. संवादाचे कौशल्य कमी नव्हते. आमच्या पोरांशी संवाद करायचा नव्हता.

मुख्याध्यापकांच्या बाजूचा एक प्रश्न मात्र खरा आहे आणि तिथे आम्ही त्यांच्या बाजूने उभे आहोत. २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल परिपत्रक काढले. सरकारच्या धोरणांवर टीका करायची नाही. योजनांच्या यशाबद्दल लिहायला हरकत नाही, पण त्यातून स्वतःची स्तुती होता कामा नये. आता हे शाळेला लावून बघा. छत गळते असे मुख्याध्यापकाने लिहिले तर ती टीका. दोन शिक्षकांची पदे तीन वर्षे रिकामी आहेत असे लिहिले तर ती टीका. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूह शाळा करण्याचा विषय सरकारने पुढे आणला, तेव्हा तांड्यावरच्या, पाड्यावरच्या मुख्याध्यापकाला 'माझी ही अकरा पोरे सहा किलोमीटर चालणार नाहीत' हे लिहायचे असेल तर? तीही टीकाच. बाकी राहिले ते फुगे आणि वृक्षारोपण. स्तुतीवरची बंदी किती पाळली जाते हे तुम्ही कोणत्याही पानावर बघू शकता. त्यासाठी कोणाला नोटीस गेल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.

गळके छत ही माहिती आहे, टीका नव्हे. रिकामे पद ही माहिती आहे. सरकारला ती टीका वाटत असेल तर तो सरकारचा अपराधगंड आहे. नोकरीत राहून लिहिण्याची अडचण आपल्या चळवळीला नवी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. नोकरीचे बंधन होते, तरी मुक्यांचा आवाज बाहेर पडायचा तो पडला. त्या काळी 'केसरी'ने मूकनायकची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. आज छापखाना खिशात आहे, जाहिरात फुकट आहे, आणि तरीही शाळेतून वस्तीकडे येणारी वाट बंद आहे. मुख्याध्यापकांना स्वतः लिहिता येत नसेल तर त्यांनी ते समितीच्या ठरावात लिहावे. ठराव समितीचा असतो, समितीत बहुमत पालकांचे असते, आणि पालकांवर कोणतेही परिपत्रक चालत नाही. आम्ही तो ठराव फलकावर लावू, विहाराच्या भिंतीवर लावू, फेसबुकवरही टाकू. तेवढी वाट त्यांनी उघडावी.

आम्हाला फार मोठे काही नको आहे. शिष्यवृत्तीतली त्रुटी ज्याची आहे त्याच्या घरी एक फोन करून सांगा. एका वर्गात दहा-बारा फोन होतील, एका तासाचे काम. वाचता न येणाऱ्या आयांसाठी आवाजातला निरोप पाठवा, आपल्या बोलीत, दीड मिनिटाचा. ज्या घरात फोन नाही तिथे पोराच्या वहीत लिहून द्या, नाहीतर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगा. वाटपाचा फोटो काढायचाच असेल तर सामानाचा काढा, पोराचा नको. ग्रुप आठवड्यातून एक संध्याकाळ उघडा ठेवा आणि त्या वेळी मुख्याध्यापकांनी स्वतः उत्तरे द्यावीत. पहिले दोन आठवडे गोंधळ होईल, तिसऱ्या आठवड्यापासून लोक पोषण आहाराबद्दल विचारू लागतील. बहुधा त्याचीच भीती आहे.

व्यवस्थापन समितीत आपले जे पालक आहेत, विशेषतः ज्या बाया आहेत, त्यांनी येत्या बैठकीत पुढचा ठराव मांडावा. 'शाळेच्या कोणत्याही ग्रुपवर किंवा पानावर विद्यार्थ्याची जात, आधार क्रमांक, बँक खाते आणि लाभ घेतानाचा चेहरा टाकला जाणार नाही; आणि दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा जमाखर्च, समितीचे ठराव व पुढच्या बैठकीची तारीख शाळेच्या फलकावर व पालक ग्रुपवर लावली जाईल.' मांडणाऱ्याचे आणि अनुमोदन देणाऱ्याचे नाव इतिवृत्तात लिहिले आहे का ते तिथेच वाचून घ्या. 'नंतर लिहितो' म्हणाले तर उठू नका. शिक्क्यासह एक प्रत मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.